टाकीच्या पुढे

त्या शुक्रवारी सकाळी पावणेसात वाजता बहारीनला, आमच्या कंपनीच्या बुसैतीनच्या यार्डात एकूण त्रेपन्न माणसे होती. धावणारी एक्केचाळीस, नुसती बघायला आलेली नऊ, घड्याळे घेऊन उभे असलेले दोघे आणि आमच्या पर्सोनेल ऑफिसचे इशरतभाई. पाण्याचे थर्मास चार, संत्र्यांची खोकी दोन, लाउडस्पीकर एक, तोही बंद. सेफ्टी पिना एकशे साठ. छातीवर लावायच्या नंबराला चार कोपरे असतात, म्हणजे एक्केचाळीस जणांना एकशे चौसष्ट पिना लागतात. कमी पडलेल्या चार पिना माझ्या होत्या.

ही तक्रार नाही, निरीक्षण आहे. पिना खात्यांच्या क्रमाने वाटल्या गेल्या. आधी अकाउंट्स, मग ड्रॉइंग ऑफिस, मग स्टोअर, आणि सर्वांत शेवटी ट्रान्सपोर्ट. मी ट्रान्सपोर्टच्या संघात होतो. मला गाडी चालवता येत नाही. मी फिजिक्सचा बी.एस्सी. आहे, कंपनीच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे ठोकळे तपासतो, आणि माझ्या व्हिसावर व रेसिडेंट कार्डावर लिहिल्याप्रमाणे मी गवंडी आहे. या सगळ्या गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या होत्या आणि त्या माणसाला साठ मिनिटांच्या आत दहा किलोमीटर धावायचे होते.

नंबर मी प्रयोगशाळेतल्या गोंदाने बनियनवर चिकटवला. हा गोंद आम्ही ठोकळ्यांवर लेबले लावायला वापरतो. लेबल लावले की ठोकळा यंत्रात ठेवायचा, तो फुटेपर्यंत दाब वाढवत न्यायचा आणि किती दाबाला फुटला ते लिहून ठेवायचे. गोंद वाळेपर्यंत मला ही सगळी प्रक्रिया आठवत राहिली.

गवंड्याचे असे झाले. मुंबईच्या एजंटाकडे त्या महिन्यात गवंड्यांचेच व्हिसे शिल्लक होते. "तिकडे गेल्यावर बदलतात," तो म्हणाला, जणू काही शर्ट बदलायचा आहे. लग्नाला एकवीस दिवस झाले असताना मी विमानात बसलो. टेक्निशियनला बायको आणता येते, गवंड्याला येत नाही. पदनाम बदलण्याचा अर्ज मी बहारीनला पोचल्यावर दुसऱ्या महिन्यात दिला. शर्यतीच्या वेळी, म्हणजे १९८३ च्या फेब्रुवारीत, त्या अर्जाला चौदा महिने पूर्ण झाले होते.

कुडाळला माझ्या बायकोच्या, म्हणजे हेमाच्या, वडिलांनी, जे हायस्कुलात मुख्याध्यापक आहेत, माझ्या व्हिसाची प्रत भिंग लावून वाचली होती. तेव्हापासून ते माझ्याबद्दल गावात फारसे बोलत नसत. घराचा मागचा कठडा ढासळला तेव्हा हेमाच्या आईने मात्र तिला सहज विचारले म्हणे, की सिमेंटला वाळू किती घालायची ते जावयांना पत्रातून विचार. मी प्रमाण कळवले. एकास चार. उत्तर बरोबर होते, याचाच मला जास्त त्रास झाला.

अर्जाची चौकशी करायला मी दर गुरुवारी इशरतभाईंच्या खिडकीशी जाई. इशरतभाई मूळचे हैदराबादचे. बोलणे इतके गोड, की आपले काम झालेले नाही हे घरी पोचल्यावर लक्षात येई.

"आओ आओ, मिस्त्री साब. फाइल का पूछने आए ना? हो जाता, इंशाल्ला."

"इशरतभाई, मैं मिस्त्री नहीं हूँ."

"मेरेकू मालूम है मियाँ. कागज को नहीं मालूम."

एका गुरुवारी ते खिडकीतून पुढे वाकले आणि हळू आवाजात त्यांनी मला कंपनीचे कामकाज समजावून सांगितले. "देखो, मेसन की फाइल बड़े साब के टेबल पे जातीच नहीं. फोरमन के टेबल पे जाती. फोरमन के टेबल पे उसके ऊपर चाय का कप रहता. साल भर से तुम्हारी फाइल पे कप है. साब से खुद मिलो."

"साब मिलते कहाँ हैं?"

"दौड़ते वक्त मिलते."

आमचे जनरल मॅनेजर, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, ते इंग्रज होते आणि त्यांना धावण्याचे वेड होते. बुसैतीनच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर ते रोज पहाटे धावत. दर फेब्रुवारीत ते कंपनीची दहा किलोमीटरची शर्यत भरवत, स्वतः धावत, आणि जे साठ मिनिटांच्या आत पोचत त्यांना आपल्या बंगल्यावर नाश्ता देत. त्या नाश्त्याला शिपाईसुद्धा साहेबांच्या शेजारी बसून अंडे खाऊ शकत असे. चौदा महिने फोरमनच्या कपाखाली असलेला कागद मला अंड्याच्या बशीशेजारी ठेवायचा होता.

मी याआधी कधी धावलो नव्हतो. म्हणून मी आधी फॉर्म भरायला घेतला, कारण ते मला येते.

फॉर्मवर खातेप्रमुखाची सही लागत होती. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणाले, तू कागदावर गवंडी आहेस, बांधकाम खात्याचा. मी कशी सही करणार? बांधकामाच्या फोरमनकडे गेलो. त्याने मला नखशिखांत पाहिले आणि म्हणाला, तू माझ्याकडे एक वीटसुद्धा रचलेली नाहीस. हे खरे होते. मी एक वीट रचण्याची तयारी दाखवली. ती त्याला पसंत पडली नाही.

शेवटी शिवदास मदतीला आला. शिवदास वेंगुर्ल्याचा, पिकअप चालवतो, उम्म अल हस्समच्या फ्लॅटमध्ये माझ्याच खोलीत राहतो आणि मला रोज यार्डात घेऊन जातो. "ट्रान्सपोर्टाच्या टीममधी कोण गावना नाय. सगळे डायवर गाडयेत बसान बसान फुगले हत. तुझा नाव घालतंय," तो म्हणाला. अशा रीतीने एका पदवीधराने गवंडी म्हणून वाहनचालकांच्या वतीने शर्यतीत प्रवेश मिळवला.

ही बातमी आमच्या इमारतीत संध्याकाळपर्यंत पोचली. समोरच्या फ्लॅटमध्ये युस्टेस आणि रोझमेरी राहतात. दोघे वसईचे. ती इस्पितळात नर्स, तो एका हॉटेलात स्टुअर्ड. नर्सला कुटुंब आणता येते, म्हणून युस्टेस इथे बायकोच्या कागदावर आला आहे आणि या गोष्टीचा त्याला, मला माझ्या व्हिसाचा होतो तितकाच, त्रास होत असावा, असा माझा अंदाज आहे. कारण तो सगळ्यांना सल्ले देतो.

"अरे मॅन, लोणी खा," तो म्हणाला. "आमच्या हॉटेलात एक जर्मन येतो. रोज धावतो. ब्रेकफास्टला पाव किलो लोणी. मी स्वतः ठेवतो त्याच्यासमोर."

"त्याचं काही ऐकू नकोस," रोझमेरी आतून म्हणाली. "तो जर्मन परवा आमच्याकडे ॲडमिट झालाय. छातीत दुखतं म्हणून."

"पण धावत आला ना इस्पितळात?" युस्टेसने विचारले.

त्यांची सात वर्षांची डॉली मला गच्चीवर सराव करताना पाहत असे. तिला मराठी कळते, पण ती उत्तर इंग्रजीत देते. एकदा मी तिला विचारले, "डॉली, अंकल कसा धावतो गं?" तिने बराच वेळ विचार केला. "लाइक समबडी इज होल्डिंग युअर शर्ट," ती म्हणाली. मी नंतर आरशात पाहिले. निरीक्षण अचूक होते.

बूट मी मनामाच्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, आणले. घरी आल्यावर दिसले की डावा एकेचाळीस नंबरचा होता आणि उजवा बेचाळीस. परत गेलो. दुकानदार म्हणाला, "सेम सेम." मी त्याला सांगितले की या मापात एका नंबराचा फरक म्हणजे सहा पूर्णांक सात दशांश मिलिमीटर. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मफी मुश्किल, नो प्रॉब्लेम. पाव बडा हो जाएगा." माझा डावा पाय लहान होणे त्याला अपेक्षित होते, की उजवा मोठा होणे, हे कळले नाही. शर्यतीपर्यंत यांपैकी काही झाले नाही. डाव्या अंगठ्याचे नख मात्र काळे पडू लागले.

हेमाला मी सगळे कळवले. तिचे उत्तर बारा दिवसांनी आले. "धावायला इतक्या लांब कशाला जायला हवं होतं? इथे कॉलेजच्या एसटीमागे तुम्ही रोजच धावत होतात. तेव्हाही ती मिळत नसे." त्याखाली एक ओळ सोडून लिहिले होते, "आईने माझ्यासाठी सुटकेस घेतली आहे. कधी उघडायची ते कळवा."

त्या दिवसापासून मी ही बाब शास्त्रीय पद्धतीने हाताळायचे ठरवले.

किती वेळात किती अंतर हे ठरवायचे तर आधी अंतर माहीत हवे. साहेबांच्या रस्त्यावर पाच किलोमीटरवर, पाण्याच्या मोठ्या टाकीच्या पलीकडे, डांबरावर एक पांढरा पट्टा मारलेला होता. तिथे वळायचे आणि परत यायचे. हा पट्टा कंपनीच्या सर्व्हेअरने मारला होता. पण दुसऱ्याने मोजलेल्या अंतरावर मी माझा संसार कसा सोपवणार? मी सायकल आणली. प्रयोगशाळेतल्या पोलादी टेपने शंभर मीटर आखून चाकाचे फेरे मोजले, हवा तपासली, पुन्हा मोजले. मग तीन शुक्रवार तो रस्ता सायकलने मोजला. चाकावर बांधलेल्या लाल चिंधीचे फेरे मी तोंडाने मोजत होतो, त्यामुळे वाटेत सलाम करणाऱ्या कोणालाही उत्तर देता आले नाही आणि बुसैतीनमध्ये माझ्याविषयी काही गैरसमज पसरले.

निष्कर्ष असा. टाकीच्या फाटकापर्यंत ४,८६९ मीटर. तिथून पांढरा पट्टा आणखी १३१ मीटर. एकूण ५,०००, अधिक-उणे अर्धा मीटर. सर्व्हेअर प्रामाणिक होता. जाऊन-येऊन १०,०००, अधिक-उणे एक.

हे अंतर मला धावून यायला सर्वांत कमी वेळ लागला होता तो बासष्ट मिनिटे दहा सेकंद.

शर्यतीच्या आदल्या दिवशी साहेब यार्डात आले. वळायच्या जागी डांबराचे एक रिकामे पिंप ठेवायचे होते आणि ते काम शिवदासकडे होते. शिवदासला साहेबांचे इंग्रजी कळत नाही. मी शेजारून चाललो होतो. साहेबांनी मला बोलावले आणि म्हणाले, याला सांग, पिंप टाकीच्या पलीकडे, पांढऱ्या पट्ट्यावर. बहारीनला आल्यापासून साहेब माझ्याशी प्रथमच बोलत होते. मी ताठ उभा राहिलो आणि स्पष्ट शब्दांत भाषांतर केले.

"शिवदास, पिंप टाकीच्या पुढे ठेवायचं. पांढरा पट्टा आहे बघ, त्याच्यावर."

"टाकयेच्या फुडे. पांढरो पट्टो. बरां," शिवदास म्हणाला.

"थँक यू," साहेब मला म्हणाले. हा शब्द मी त्या रात्री हेमाला पत्रातून कळवला.

शर्यत सात वाजता सुटली. उत्तरेकडून शमाल वारा होता, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. पहिल्या किलोमीटरला माझा नंबर एका कोपऱ्यातून सुटला, दुसऱ्याला दुसऱ्या. तिसऱ्या किलोमीटरपासून मी तो डाव्या हाताने छातीशी धरून धावत होतो. एक अरब म्हातारा दारात उभा होता, त्याने मला पाहून आपलाही हात छातीवर ठेवला आणि आदराने मान लववली. मलाही लववावी लागली. यात दोन सेकंद गेले.

चार किलोमीटरच्या जरा अलीकडे साहेब समोरून परत येताना दिसले. ते घड्याळाकडे पाहत होते आणि हसत होते. धावताना हसणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. हे फार लवकर परत येत आहेत, असे माझ्या मनात आले. पण डावा अंगठा दुखत होता आणि दुखणाऱ्या अंगठ्याने गणित नीट होत नाही.

टाकी दिसली. आणि टाकीच्या अलीकडे, फाटकासमोर, पाण्याचे टँकर उभे करण्यासाठी मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यावर, पिंप दिसले. शेजारी पिकअपच्या सावलीत शिवदास उकिडवा बसला होता.

"शिवदास! पिंप पुढे पाहिजे!" मी धावता धावता ओरडलो.

"फुडेच आसा!"

"टाकीच्या पुढे!"

"टाकयेच्या फुडेच आसा मरे! ही बघ टाकी! हां बघ टाकयेचा तोंड! तोंडाफुडे पिंप ठेवलंय! आणि खंय व्हया तुका?"

मी थांबलो. चार सेकंद थांबलो. हे मी नंतरच्या हिशेबात धरले आहे. घड्याळात तीस मिनिटे दोन सेकंद झाली होती. १३१ मीटर पुढे खरा पट्टा होता आणि तो तिथे आहे हे त्या रस्त्यावर धावणाऱ्या एक्केचाळीस जणांत मला सर्वांत अचूक ठाऊक होते. टाकीच्या पुढे. देवळाच्या पुढे माणूस उभा राहतो तो देवळासमोर उभा असतो, आणि देवळाच्या पुढे गेला तर देऊळ मागे राहते. एवढी साधी गोष्ट तीन शुक्रवार चाकाचे फेरे मोजणाऱ्या माणसाच्या लक्षात आली नव्हती. सर्व्हेअर चुकला नव्हता, सायकल चुकली नव्हती, शिवदासही चुकला नव्हता. चुकला होता तो अनुवादक.

मागून स्टोअरचा एक माणूस आला, पिंपाला हात लावून वळला आणि गेला.

मी वळलो.

परतीचा वारा पाठीवर होता. एकोणसाठ मिनिटे बारा सेकंदांनी मी पोचलो. सत्ताविसावा. साठच्या आत एकूण अठ्ठावीस जण आले. साहेब एकोणचाळीस मिनिटे पन्नास सेकंदांत आले होते. चाळीस मिनिटांच्या आत येण्याचा त्यांचा प्रयत्न गेली सहा वर्षे चालला होता, असे इशरतभाईंनी मला सांगितले आणि हातात संत्रे दिले. "मुबारक, मिस्त्री साब. आज जो माँगोगे मिलेगा. साब बहोत खुश हैं."

संत्रे सोलता सोलता मी त्रैराशिक मांडले. खऱ्या दहा हजार मीटरांना मला साठ मिनिटे अठ्ठेचाळीस सेकंद लागले असते. साहेबांना चाळीस मिनिटे चोपन्न सेकंद.

नाश्त्याला मी साहेबांपासून चौथ्या खुर्चीवर होतो. डावा बूट टेबलाखाली काढून ठेवला होता. अर्ज खिशात होता आणि घामाने मऊ झाला होता. मला आधी खरे सांगायचे होते आणि मग अर्ज द्यायचा होता. हा क्रम मी धावतानाच ठरवला होता.

"सर," मी म्हणालो, "हा रस्ता मी मोजला आहे."

साहेबांनी काटा खाली ठेवला. "तू? कशाने?"

"सायकलने, सर. पोलादी टेपवर तपासून. तीनदा."

"आणि?"

"पट्टा बरोबर पाच हजारांवर आहे, सर. पण पिंप..."

"बरोबर पाच हजारांवर!" साहेब सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "ऐकलंत? आणि आपला सर्व्हेअर सहा महिन्यांच्या रजेवर आहे. इशरत, हा कोण?"

"बी.एस्सी. फिजिक्स, सर," इशरतभाई मागून अदबीने म्हणाले. त्यांना हे ठाऊक होते, हे मला तेव्हा कळले.

"सर, पिंप..." मी पुन्हा सुरुवात केली.

"हो, हो. पिंप छान होतं," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्या बशीत आणखी एक अंडे वाढायला सांगितले.

साहेबांच्या गावी धावणाऱ्यांचा एक जुना क्लब आहे. चाळीसच्या आत धावणाऱ्या सभासदाचे नाव तिथे भिंतीवर लावतात. त्यासाठी क्लबचा एक फॉर्म भरावा लागतो. मोजणाऱ्याचे नाव, शिक्षण, पदनाम, मोजलेले अंतर, संभाव्य चूक. इशरतभाईंनी फॉर्म वाचला आणि साहेबांच्या नजरेस आणून दिले की मोजणारा गवंडी असेल तर क्लबवाले हसतील. जे काम चौदा महिने इंशाल्ला होते ते दोन दिवसांत खलास झाले. सोमवारी माझ्या कार्डावर लॅब टेक्निशियन लिहिलेले होते. कार्ड देताना इशरतभाई म्हणाले, "लो मियाँ. अब कागज को भी मालूम पड़ गया."

फोरमनच्या टेबलावरची फाइलही मला परत मिळाली. तिच्यावर चहाच्या कपाचे सात गोल होते.

त्याच संध्याकाळी मी आणि शिवदास पिकअपने टाकीकडे गेलो. पिंप त्याने कधीच उचलून आणले होते. पण तळाला डांबर होते, त्यामुळे टँकरच्या पांढऱ्या पट्ट्यावर एक काळे वर्तुळ उमटले होते. मी ते मोजले. व्यास अठ्ठावन्न सेंटिमीटर.

शिवदास शेजारी उभा राहून पाहत होता. त्याचे काँट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपत होते आणि नवे व्हायचे होते.

"जयप्रकाशा, तू सायबाक सांगतलंस तर ते माकाच इचारतले," तो म्हणाला. "पिंप कोणी ठेवलां? मी. मगे मी काय सांगू? मराठीत सांगू?"

"चूक माझी आहे. मी तसं सांगेन."

"तू सांग. पण ठेवलां कोणी?" त्याने पायाने वर्तुळाची कड चाचपली. "आणि वयनी खंय रवतली? कुडाळाक?"

त्याने बुटाने बाजूची वाळू वर्तुळावर लोटायला सुरुवात केली. मी बघत राहिलो असे आधी लिहिणार होतो, पण ते अचूक होणार नाही. पिकअपमधले फावडे मी काढले. डांबरावर वाळू बसायला वेळ लागतो. दोघांना मिळून अकरा मिनिटे लागली.

मंगळवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. टेबलावर एकाखाली एक दोन कागद होते. वरचा क्लबचा फॉर्म होता. खालचा कंपनीचे पत्र, की आमच्या लॅब टेक्निशियनच्या पत्नीने बहारीनमध्ये येऊन राहण्यास आमची हरकत नाही. त्यावर हेमाचे संपूर्ण नाव टाइप केलेले होते आणि साहेबांच्या सहीची जागा कोरी होती.

"वरच्यावर तू कर," साहेब म्हणाले, "मग खालच्यावर मी करतो."

"सर, त्या पिंपाबद्दल मला सांगायचं होतं."

साहेबांनी पेनाचे टोपण काढले. त्या रस्त्यावर ते सहा वर्षे रोज पहाटे धावत होते. टाकी कुठे आहे आणि पट्टा कुठे आहे, हे त्यांना सायकलशिवाय ठाऊक असणार, हे माझ्या लक्षात त्या क्षणी आले. त्याआधी का आले नाही, हे मला सांगता येत नाही.

"तू आणि मी एकाच पिंपाला वळलो," साहेब शांतपणे म्हणाले. "हो ना?"

"हो, सर."

त्यांनी पेन माझ्यासमोर ठेवले. मी नाव लिहिले. शिक्षण या रकान्यात बी.एस्सी. फिजिक्स लिहिले, नोकरीतल्या कागदावर हे शब्द मी पहिल्यांदाच लिहीत होतो. पदनाम लॅब टेक्निशियन. खाली दोन रकाने उरले होते.

मोजलेले अंतर : १०,००० मीटर.

संभाव्य चूक : अधिक-उणे एक मीटर.